दहा ते दोन

निझव्याच्या सर्जिकल वॉर्डात, खाट नंबर सात,
मोडक्या खुब्याचा मिस्टर प्रॉसर रात्रभर जागा.
गोळी नको म्हणायचा.
म्हणायचा, सिस्टर, तुझी ती लहान आर्टरी फोर्सेप्स दे
आणि हातभर रेशमी धागा, टाक्यांचा, उरलेला.

तंबाखूच्या डबीत त्याचे गळ होते,
तांदळाच्या दाण्याएवढे.
एसीच्या पेटीवर बसणाऱ्या पारव्याचं पीस मीच आणून दिलं.
चिमट्यात गळ धरून त्यानं त्यावर पीस गुंडाळलं,
तीन वेढे, एक गाठ, थुंकीनं ओली केलेली,
आणि तळहातावर ठेवून म्हणाला, माशी.

मी हसले. माशीनं मासा?
मी ढिवराची पोर, भंडाऱ्याकडची.
आमच्या बोडीत उतरायचं ते जाळं घेऊन, कमरेएवढ्या चिखलात,
मरळ, शिंगूर, जो येईल तो;
मोठा बाजारात, बारका रश्श्यात.
बाबाच्या बोटांना आजही सुताचे घट्टे आहेत.

प्रॉसर सांगायचा त्याच्या गावच्या नदीचं.
डोंगरातून उतरणारी, उन्हाळ्यातही दात वाजवणारी.
ट्राउट म्हणे दगडाच्या आडोशाला उभा असतो
धारेकडे तोंड करून,
नदी काय आणून देते त्याची वाट बघत.
अंगावर तांबडे ठिपके.
(मला गोवर आठवला. बोलले नाही.)
आणि धरला की सोडून द्यायचा.

हे फोनवर सांगितलं तर बाबा किती तरी वेळ गप्प.
मग म्हणाला, सोडून देतेत?
मंग पकडतेत कायले?

वॉकर धरून उभा राहायला लागला
तेव्हा कॉरिडॉरमध्ये रात्री तीनला त्यानं शिकवलं.
हातात सलाईनचा दांडा.
मनगट नाही, कोपर.
घड्याळाच्या दहावर पुढे, दोनवर मागे,
आणि मागे गेलीस की थांब.
दोर पाठीमागे सरळ होईपर्यंत थांब.
तुला दिसणार नाही, हाताला कळेल.
मी नाइट ड्यूटीतली बाई,
थांबणं मला कोण शिकवणार,
पण शिकले.

मस्कतहून त्याचं विमान होतं.
स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरताना त्यानं
ॲल्युमिनियमची नळी माझ्या हातात दिली.
आत चार तुकड्यांची काठी.
हॉस्टेलच्या कपाटात युनिफॉर्मच्या मागे
ती आठ महिने उभी होती.

मग एका शुक्रवारी तनूफची वाडी.
जोसलिन छत्री धरून काठावर, चिप्स खात.
डोंगर भाजलेल्या विटेसारखे, आणि मध्ये हे पाणी,
कुठे पसाभर, कुठे घोट्याएवढं.
इथे ट्राउट नाही, हे मला ठाऊक होतं.
पहिला दोर कण्हेरीत अडकला.
दुसराही कण्हेरीत.
तिसरा जोसलिनच्या छत्रीत.
पलीकडची दोन ओमानी पोरं दगडावर लोळून हसली,
मग त्यातलाच एक उठला
आणि मुकाट्यानं कण्हेरीतून माशी सोडवून देऊ लागला,
दर वेळी.

किती वाजले असतील.
दोनवर थांबले,
आणि पाठीमागे दोर सरळ झालेला
खरंच हाताला कळला.
पारव्याचं पीस पाण्यावर टेकलं
तसं कुणी तरी ते ओढलं.

करंगळीएवढा. मातकट. ठिपके नाहीत.
प्रॉसर म्हणायचा, आधी हात ओला कर,
आपला कोरडा हात त्यांना भाजतो.
ओला केला. फोर्सेप्सनं गळ काढला,
टाका काढावा तसा, ओढ लागू न देता.
तो क्षणभर माझ्या बोटांमध्येच उभा राहिला,
धारेकडे तोंड करून.

रात्री फोन.
लागला का वो?
लागला, बाबा. करंगळीएवढा.
मंग?
सोडला.

तिकडे खाट करकरली. कुणीतरी खोकलं.
पाणी केवढं हाय तथी?
घोट्याएवढं.

मंग बेस केलीस, बाई, बाबा म्हणाला,
आणि आईला फोन दिला.